अर्ध्या लुगड्याची हद्द

म्हाकू धनगराचं वागणं मला अकरा वर्षं पटलेलं नाही. माणसानं किती वाकावं याला काही धरबंध असतो. दर दसऱ्याला सोनं घेऊन हा माझ्या दारात येतो. उजवा पाय गुडघ्यात वळत नाही, म्हणून तो पाय काठीसारखा बाजूला टाकतो, एका हातानं उंबरा धरतो आणि तसाच वाकडा होऊन माझ्या पायावर डोकं ठेवतो. वर चारचौघांत म्हणतो, आक्का नसत्या तर मी त्या दिवशी बाजारात मेलो असतो. मी चहा दिला तर पितो, धोतरजोडी दिली तर घेत नाही. अकरा वर्षांत एकदाही त्यानं माझ्याकडं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, आणि त्याच्या गुडघ्यात गेलेली गोळी माझी होती.

गावाला गोळी ठाऊक आहे. पण गावाला ठाऊक आहे ते त्यानं सांगितलेलं. मला मात्र वाटायचं, या माणसानं एकदा तरी माझ्या तोंडावर सांगावं की बाई, तू काय केलंस. तेवढं सोडून तो सगळं करायचा.

आमचा धंदा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा. आमच्या भागातल्या घरटी एक माणूस त्या धंद्यापायी मुलखाबाहेर. आमचे मालक कोइमतूरला होते. सोनं सांभाळायचं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. ते गेले तेव्हा दोन्ही पोरं तिकडंच, दुकानात. परवाना वारसानं कुणाच्या नावावर करायचा, यावरून घरात बैठक बसली.

माझे धाकटे दीर जोतीराम म्हणाले, माझ्या. त्यांचं बोलणं कसं, तर विचारल्यासारखं नाही, उचलल्यासारखं. वैनी तिसरी शिकलेल्या, सही करताना जीभ बाहेर येते, त्यांना हत्यार काय करायचंय? मी म्हणाले, "भावजी, जिभेचं म्हणाल तर तुमची आत कधी जाते ते सांगा." आणि अर्ज माझ्या नावानं केला. खरं सांगते, मला रिव्हॉल्व्हरचं काडीचं कौतुक नव्हतं. पण मालकांच्या मागं एकेक वस्तू जोतीरामच्या घरी चालली होती. बुलेट गेली होती. देवळातला मानाचा नारळ गेला होता. हे जायला नको होतं.

कचेरीतले साहेब म्हणाले, हत्यार चालवायला शिकल्याचा दाखला आणा. तेव्हा जिल्ह्याच्या गावी घोलप नावाचे निवृत्त सुभेदार शिकवायचे. गावाबाहेर एक मैदान, समोर मातीचा उंच बांध, बांधापुढं लाकडी फळ्या. माझ्या वयाचं तिथं कुणी नव्हतं, आणि बाई तर नव्हतीच. जोतीराम जीप घेऊन मला सोडायला यायचे आणि झाडाखाली खुर्ची टाकून बघत बसायचे. ते स्वतः पंचवीस मीटरवरनं हवेच्या बंदुकीनं फुगे फोडायचे आणि मला ऐकू येईल असं मोजायचे.

मीटर मला कळेना. सुभेदारांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मी म्हणाले, लुगड्यात सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला घरचं जुनं नऊवारी घेऊन यायला सांगितलं. ते त्यांनी मी उभी होते तिथनं फळीकडं मातीत अंथरलं, मग दुमडून निम्मं केलं आणि निम्म्याच्या कडेवर फळी आणून रोवली. म्हणाले, आक्का, ही तुमची हद्द. अर्धं लुगडं. मोजून सहा पावलं.

चार महिने मी अर्ध्या लुगड्यावर गोळ्या घातल्या. सहातल्या पाच फळीवर लागायला लागल्या तेव्हा जोतीराम झाडाखालनं म्हणाले, एवढ्या जवळनं तर चपलीनंही लागंल. मला ते झोंबलं. मी सुभेदारांना म्हणाले, फळी मागं न्या. ते नको म्हणाले. मी ऐकलं नाही. पुऱ्या लुगड्यावर सहातल्या दोन लागल्या.

सुभेदारांनी मला बांधाजवळ नेलं. मातीत भोकं दाखवली. "या चार तुमच्या," म्हणाले. "इथं बांध आहे म्हणून मातीत गेल्या. बाजारात बांध नसतो आक्का, तिथं माणसं असतात."

आणखीही बरंच सांगितलं त्यांनी. हत्यार घेऊन धावणारा माणूस एक पुरं लुगडं ओलांडून येतो तोवर बाईचा हात पिशवीतनं बाहेरही येत नाही, म्हणून आधी बाजूला व्हायचं, पोराबाळांना ओढायचं, पिशवीत नंतर हात घालायचा. कोण कुणाला धरून आहे ते कळल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवायचं नाही. गर्दीत भरलेलं हत्यार न्यायचं नाही. आणि अर्ध्या लुगड्याच्या पलीकडं काही झालं, तर तुमच्याकडं हत्यार नाहीच असं समजायचं. मी मान डोलवली. दाखला मिळाला. परवाना माझ्या नावावर झाला आणि मी गावभर पेढे वाटले. जोतीरामच्या घरी दोन जास्तीचे पाठवले.

पुढं निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. ती झाल्यावर शनिवारी मी ठाण्यात जाऊन माझं परत घेतलं, गोळ्यांची डबी घेतली, दोन्ही पिशवीत ठेवलं. गाडी जोतीरामचीच. परतताना करंजओढ्याचा बाजार लागतो. मला मिरच्या घ्यायच्या होत्या. जीप थांबली तसे जोतीराम हसत म्हणाले, "रिकामं रिव्हॉल्व्हर म्हणजे लाटणं. लाटणं तर घरी हायच की वैनी."

मी तिथंच जीपमध्ये बसून सहाच्या सहा भरल्या. एकेक गोळी त्यांना दाखवून.

मिरचीवालीपुढं उकिडवी बसून मी मिरची मोडून वास घेत होते, तेवढ्यात खालच्या अंगाला, जिथं शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो तिथं, माणसं फुटली. आधी आवाज नाही, नुसती माणसं पळताना दिसली. मग ओरडा आला. पारगावचा सुबराव म्हणून एक होता. भावकीतल्या भांडणात डोकं फिरलेला, चार महिने घरात कोंडून ठेवलेला. तो सुटून आला होता आणि हातात कोयता होता. त्याला ओळखपाळख काही राहिली नव्हती. भजी तळणारा म्हातारा जागेवर गेला. लसूण विकणाऱ्या बाईनं हात आडवा घातला, तिची तीन बोटं गेली. ती बाई बोटं शोधत होती. ते मी पाहिलं.

मी बाजूला झाले नाही. पोराबाळांना ओढलं नाही. पिशवीत हात घातला.

सुबराव आमच्या अंगाला वळला, तोच त्याच्या पाठीमागनं म्हाकू आला. म्हाकू तेव्हा चाळिशीचा, उंच, पायाला भिंगरी असलेला माणूस. आषाढात उगवतीच्या कोरड्या मुलखाकडं मेंढरं घेऊन जायचा तो दिवाळी झाल्यावरच परत. त्या दिवशी कोकरं विकायला आला होता. हातात काठीसुद्धा नव्हती. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि पळत्या मेंढराला जाळीत घ्यावं तसं सुबरावाच्या डोक्यावरनं टाकलं, मिठी मारली आणि दोघं आडवे झाले. घोंगड्याखाली नुसती तडफड. धूळ उडाली.

मी उभी होते तिथनं ते दोन लुगड्यांवर असतील.

माझ्या हातात रिव्हॉल्व्हर होतं आणि आता माणसं माझ्याकडं बघत होती. मिरचीवाली माझ्या मागं दडली होती. जोतीराम माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "जमत नसलं तर द्या हिकडं." आणि त्यांनी हात पुढं केला. पंजा उघडा. बुलेटची किल्ली घेताना केला होता तसा.

मी गोळी घातली.

पुढचं गावाला पाठ आहे. आवाजानं सुबराव गपगार झाला, लोकांनी धावत जाऊन त्याला दोरानं बांधलं. घोंगडं उचललं तर म्हाकूच्या गुडघ्याची वाटी फुटलेली. मला जीपमध्ये बसवलं, पाणी पाजलं. संध्याकाळी ठाण्यात मी जोतीरामनं सांगितलं तेवढंच बोलले. मला वाटलं होतं, परवाना जाणार, पोरांच्या धंद्यावर बट्टा लागणार, म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात म्हाकूचा जबाब झाला. तो म्हणाला, सुबराव मला आवरत नव्हता, त्यानं मला खाली दाबलं होतं, मीच ओरडलो, आक्का मारा. माझ्या पायाला लागली ती माझ्या नशिबानं.

मिटलं. पेपरात माझा फोटो आला. गणपतीत मंडळानं शाल दिली. सुभेदार घोलपांना कुणीतरी बोलावलं होतं, ते आले नाहीत. निरोपही पाठवला नाही. त्यांनी काय ओळखलं होतं ते मी ओळखलं. त्या साली पुन्हा ठाण्यात जाऊन मी रिव्हॉल्व्हर कायमचं जमा केलं आणि गावात सांगितलं की डोळ्याला कमी दिसतं. जोतीराम हळहळले.

म्हाकूची चाल मोडली. धनगराचा पाय गेला म्हणजे काय गेलं हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्याची मेंढरं भाऊ घेऊन जातात, हा माळावर वस्तीला म्हातारीकोतारी आणि लंगडी कोकरं सांभाळत बसतो. आणि दसऱ्याला माझ्या दारात येतो.

गेल्या दसऱ्याला नातसून नवी होती. म्हाकू आला, वाकला आणि तिला म्हणाला, पोरी, ह्या बाईच्या पाया पड, ही वाघीण हाय. पोरगी खरंच वाकली. तिचं कपाळ माझ्या पायाला लागलं आणि मला चटका बसल्यासारखं झालं. त्या दिवशी पुरणाची पोळी मी ताटात तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला म्हणाले, गाडी काढ, माळावर जायचंय.

अकरा वर्षांत मी त्याच्या वस्तीवर पहिल्यांदा जात होते. नातवाला गाडीतच बसवलं. म्हाकू पालाच्या सावलीत पाय लांब करून चातीवर लोकर कातत होता. मला बघून उठायला लागला, मी बस म्हणाले. त्याच्या बायकोनं पोतं अंथरलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. इकडचं तिकडचं झालं. मेंढरं कुठवर आली, पाऊस कसा झाला. मग मी म्हणाले, "म्हाकू, तू मला मारा म्हणाला नव्हतास."

त्यानं चातीला पीळ दिला. "न्हाय म्हनलो."

"मग जबाबात का सांगितलंस?"

त्याला नवल वाटलं, मी हे विचारते याचं. सावकाश सांगायला लागला. आमची सोळा घरं तुमच्या शिवारात उतरतात, म्हणाला. दिवाळीपासनं मिरगापर्यंत मेंढरं तुमच्या रानात बसतात. तुमचं रान, भावजींचं रान, तुमच्या शब्दावर बाकीच्यांची रानं. मी खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी सोळा घरांचे मेंढवाडे तुमच्या रानातनं उठले असते. दीड हजार मेंढरं घेऊन कुठं जायचं? ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्याच्यावर फिर्याद करायची नाही, हे आमच्यात आज्यापणज्यापासनं आहे. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी लालूच दाखवली नाही. सांगायला कशाला लागतंय? पाय काय परत येणार होता? मेंढरं तरी राहिली.

"आणि दसऱ्याला येतोस ते?"

"रानाचं सोनं द्यायला येतो आक्का. रान तुमचं हाय."

मी पोत्याच्या कडेचा एक दोरा ओढत बसले होते, तो तुटून हातात आला. अकरा वर्षं मी हा माणूस मोठ्या मनाचा समजत होते, आणि त्याच्या मोठ्या मनाचा मला राग येत होता. तो माझ्या पाया पडतच नव्हता. तो जमिनीच्या पाया पडत होता. मी म्हणाले, म्हणजे तू मला माफ केलं नव्हतंस.

"माफी मागितली कवा तुमी?"

हे तो टोचून बोलला नाही. पाऊस पडला कवा, तसं विचारलं त्यानं. वर त्यानंच मला सांभाळून घेतलं. म्हणाला, तुमची चूक मी धरत नाही. घोंगड्याखाली कोण वर, कोण खाली, लांबनं कसं दिसणार? बाईमाणूस, भ्यालेली, घाईघाईत घडलं. मी घरात हेच सांगितलंय.

इथं गप्प बसून उठले असते तर चाललं असतं. मी म्हातारी, दोन-चार दसरे उरलेले. पण मला त्याचं ते 'भ्यालेली' सहन झालं नाही. आयुष्यात मी पुष्कळ वाईट केलं असेल, भिऊन काही केलेलं नाही.

"मला दिसत होतं म्हाकू," मी म्हणाले. "कोयता घोंगड्याबाहेर पडला होता. धुळीत, दोन हात लांब. त्याच्या हातात काही नव्हतं. तू वर होतास. तुझा गुडघा त्याच्या पाठीवर होता, तुझं पटका बांधलेलं डोकं वर होतं. ते सगळं मी पाहिलं. मग गोळी घातली."

चाती थांबली. लोकरीचा धागा त्याच्या बोटात तसाच ताणलेला राहिला.

"का?"

"जोतीरामनं हात पुढं केला होता. मी घातली नसती तर रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात गेलं असतं. एवढ्यासाठी. सुबरावाच्या पायाला मारायला गेले, तुझ्या लागली. मला वाटलं होतं जमंल."

वारा होता. पालाचं कापड फडफडत होतं. लंगडं एक कोकरू त्याच्या मांडीला अंग घासत होतं, त्याला त्यानं हातानं बाजूला केलं. माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षांत असं बघितलं नव्हतं. मी नजर खाली घेतली नाही, पण त्यासाठी मला जोर करावा लागला. त्याच्या मनात काय काय आलं असेल ते मी कशाला सांगू. चालून तुडवलेला मुलूख आला असेल. पाण्याच्या जागा आल्या असतील.

त्याच्या बायकोनं कपबशी धुवून आणली होती. गाळणी हातात धरून ती चुलीपाशी उभी होती. म्हाकूनं मान न वळवता तिला सांगितलं, "च्या ओतू नगं."

ती घोटाळली. माझ्याकडं बघायला लागली, मग नवऱ्याकडं. गलाईवाल्या आक्का दारात आल्यात आणि चहा देऊ नको म्हणजे काय, हे तिला कळेना.

"ओतू नगं म्हनलं न्हवं. आन् आक्कास्नी म्हनावं, ऊन व्हायच्या आत जावा."

समोर बसलेल्या माझ्याशी तो बायकोच्या तोंडून बोलत होता. बाईनं गाळणी खाली ठेवली. आधण उकळत राहिलं.

मी गुडघ्यावर हात ठेवून उठले. मला हात द्यायला त्याची बायको पुढं आली, मी नको म्हणाले. पदर सारखा केला. नातू गाडीतनं उतरत होता, त्याला तिथंच थांबायची खूण केली. मग म्हाकूसमोर उभी राहिले आणि त्याला, त्याच्या बायकोला आणि लांब उभ्या नातवालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मेंढरं माझ्या रानात बसतील. मी आहे तोवर, आणि मी गेल्यावरही. नातवाला सांगते, लिहून देते, जोतीरामच्या तोंडावरही सांगते. त्यासाठी तुला वाकायची गरज नाही. पुढच्या दसऱ्याला माझ्या दारात आलास तर दार उघडायची नाही मी. अकरा वर्षं तू माझ्याशी चुकीचं वागत होतास, म्हाकू. आज नीट वागलास."